घरचा संगणक आणि नवा ब्राउझर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १ मे २०१० रोजी संध्याकाळी आपल्या गच्चीवर केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज महाराष्ट्राला पन्नास वर्षं झाली आणि आपल्या सोसायटीला पंचवीस. सचिव मला म्हणाले, "काका, पंधरा मिनिटं बोला. पण काहीतरी उपयोगाचं बोला." म्हणजे मी एरवी जे बोलतो ते उपयोगाचं नसतं, असा त्याचा अर्थ मी घेतला. मग विषय काय, तर त्यांना वाटलं मी बँकेतल्या आठवणी सांगेन. तेहतीस वर्षं नोकरी झाली, आठवणी भरपूर आहेत. पण त्या तुम्ही जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत ऐकलेल्या आहेत. म्हणून आज मी एक नवी गोष्ट सांगणार आहे. या जानेवारीत मी घरच्या संगणकावर एक नवा ब्राउझर घालून बघितला. एवढीच गोष्ट आहे. हसू नका, शेवटी ती तुमच्या-आमच्या पैशांपर्यंत जाते.

आमच्याकडे संगणक आला २००४ साली. इथल्याच एका दुकानातून जोडून घेतलेला, विंडोज एक्सपी असलेला. मुलगा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. ते 'टुंई टुंई, खर्र' असं वाजायला लागलं की घरात कोणी फोन उचलायचा नाही, असा नियम होता. नंतर ब्रॉडबँड आलं आणि तो आवाज गेला. पण रत्नागिरीचं हवामान काही गेलं नाही. पावसाळ्यात आमच्या सौभाग्यवती संगणकाला कपड्याच्या कपाटासारखं सांभाळतात. वरून विणलेलं आवरण, बाजूला डांबरगोळ्या. मे अखेरीला पहिला गडगडाट ऐकू आला की मी चहा ठेवून आधी टेलिफोनची तार काढायला धावतो. कारण २००६ साली एका विजेत मोडेम गेलेला आहे. या गच्चीवर बसलेल्यांपैकी निदान चार घरांचे मोडेम असेच गेलेत, हे मला ठाऊक आहे.

मुलगा शिकून जर्मनीला गेला आणि संगणक माझ्या ताब्यात आला. मला त्याच्यातलं एकच चित्र माहीत होतं, ते निळं 'ई'. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की इंटरनेट येतं. माझी पक्की समजूत होती की ते निळं 'ई' म्हणजेच इंटरनेट. तुमच्यापैकी किती जणांची आजही तीच समजूत आहे? हात वर करू नका, मी विचारत नाही.

तर आधी ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपल्या नगर वाचनालयात पुस्तकं कपाटात असतात. आपण चिठ्ठीवर नाव लिहून देतो, आतला माणूस ते पुस्तक शोधून आणून आपल्या हातात देतो. इंटरनेटवरची पानंही अशीच जगभरच्या संगणकांवर ठेवलेली असतात. आपण पत्ता लिहायचा, आणि एक प्रोग्रॅम तिथे जाऊन ते पान आणतो. शिवाय ते पान सांकेतिक खुणांमध्ये लिहिलेलं असतं, ते नीट मांडून आपल्याला वाचता येईल असं दाखवतो. हा जो आणणारा आणि मांडणारा, तो ब्राउझर. वाचनालय वेगळं आणि पुस्तक आणून देणारा वेगळा. आणि मुख्य म्हणजे, हा माणूस आपल्याला बदलता येतो.

असा पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत १९९० साली लिहिला. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझॅक आला आणि पानात चित्रं दिसायला लागली. १९९४ साली नेटस्केप आला आणि काही दिवस सगळीकडे त्याचंच राज्य होतं. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर काढला. तेच आपलं निळं 'ई'. पुढे ते विंडोजबरोबरच यायला लागलं. घरात सामानासकट मिळालेली वस्तू कोण बदलतो? नेटस्केप मागे पडला. पण जाण्यापूर्वी त्या मंडळींनी एक केलं. १९९८ साली त्यांनी आपला प्रोग्रॅम जगाला खुला करून दिला, कोणीही वाचा, कोणीही सुधारा. त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. म्हणजे आमचा संगणक आणि फायरफॉक्स एकाच वर्षाचे. फायरफॉक्स हे लाल पांडाचं एक नाव आहे म्हणे, आणि लाल पांडा हा आपल्या सिक्कीमचा राज्यप्राणी. चित्रात मात्र त्यांनी कोल्हा काढलाय.

हे सगळं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आमचं 'ई' सहा नंबरचं, २००१ सालचं. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आल्या, सात आली, गेल्या वर्षी आठ आली. मी एकही घेतली नाही. स्क्रीनवर 'अद्ययावत करायचं का?' असं विचारलं की मी 'नाही' म्हणायचो. आणि नको तिथे मात्र 'हो' म्हणायचो. फुकट हसरे चेहरे हवेत का? हो. फुकट घड्याळ? हो. हात दाखवून अवलक्षण! होता होता वरच्या बाजूला तीन पट्ट्या जमल्या आणि मूळ पान वाचायला चार बोटं जागा उरली. एक पान उघडलं की न मागता दुसरी दोन उघडायची. मी त्याला संगणकाचं म्हातारपण समजत होतो.

यंदा संक्रांतीचे लाडू अजून संपायचे होते, तेव्हा मुलाचा फोन आला. एरवी तो आईशी बोलतो आणि शेवटी "बाबांना द्या" म्हणतो. त्या दिवशी त्याने आधी मला मागितलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही अजून ते जुनंच एक्सप्लोरर वापरता का? इथल्या सरकारी सुरक्षा कार्यालयाने लोकांना सांगितलंय, त्यात एक भोक सापडलंय, दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा." पाठोपाठ फ्रान्सनेही तसंच सांगितलं. जानेवारीत गुगल आणि इतर काही मोठ्या कंपन्यांवर हल्ला झाल्याची बातमी पेपरात आली होती, ती तुम्ही वाचली असेल. त्यात हेच भोक वापरलं गेलं होतं. मायक्रोसॉफ्टने २१ जानेवारीला त्याची दुरुस्ती दिली, हेही सांगायला हवं. योगायोग असा की त्याच दिवशी फायरफॉक्सची ३.६ ही नवी आवृत्ती बाहेर पडली.

मी हिला सांगितलं, "नवा ब्राउझर घालतोय." ही म्हणाली, "अहो, चालतंय ना ते? मग कशाला हात लावताय? उद्या बिघडलं तर मुलाशी बोलायचं कसं?" खरं सांगतो, माझ्याही पोटात गोळा होताच. आमच्या वयात संगणक बिघडणं म्हणजे निव्वळ बिघडणं नसतं. पोराचा चेहरा आठवडाभर दिसत नाही.

२४ जानेवारीला, रविवारी सकाळी बसलो. शेजारी वही, पेन. प्रत्येक पायरी लिहून ठेवायची, म्हणजे उलट्या पावली परत येता येईल. बँकेची सवय. आठेक एमबीची फाईल, आमच्या वेगाला पाच मिनिटं लागली. मग त्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. जुन्या ब्राउझरमधले तुमचे आवडते पत्ते आणू का? आण बाबा. यापुढे मलाच मुख्य ब्राउझर करणार का? तिथे मी थांबलो आणि 'नाही' म्हटलं. आणि मग मला कळलं की आपण उगाच घाबरत होतो. नवा आला म्हणून जुना गेला नव्हता. निळं 'ई' होतं तिथेच होतं. दोन्ही सुखाने नांदत होते. वहीत मी सहा पायऱ्या लिहिल्या होत्या, त्यांतली एकही उलटी करावी लागली नाही.

आता अनुभव सांगतो. पहिली गोष्ट, एकाच खिडकीत अनेक पानं. वर कप्पे दिसतात, या कप्प्यात पेपर, त्या कप्प्यात पत्रं. आता हे आठ नंबरच्या 'ई'मध्येही आहे, पण आमच्याकडे सहा होतं ना!

दुसरी गोष्ट फक्त आपल्यासाठी केल्यासारखी. लोडशेडिंग. मजकूर वाचतोय, लाईट गेली, सगळं काळं. पूर्वी लाईट आल्यावर 'मी काय वाचत होतो' इथपासून सुरुवात. हा नवा मात्र पुन्हा उघडल्यावर विचारतो, मघाची पानं परत आणू का? मला गहिवरून आलं. ज्याने कोणी हे लिहिलं तो महावितरणचा ग्राहक असणार, असं ही म्हणाली.

तिसरी गोष्ट हिची. हिचं डिसेंबरमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या डोळ्याचं व्हायचंय. पेपर वाचता येईना म्हणून चिडचिड. कंट्रोलचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की सगळं पानच्या पान मोठं होतं, चित्रांसकट. आमच्या जुन्या 'ई'त अक्षरं मोठी करायची सोय होती, पण बऱ्याच पानांवर ती चालायचीच नाही. हिने चार वेळा दाबलं आणि चष्मा बाजूला ठेवून अग्रलेख वाचला. त्यानंतर "कशाला हात लावताय" हे वाक्य आमच्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

पण सगळं गोडच होतं असं नाही. दुसऱ्याच दिवशी एका मराठी वृत्तपत्राची साइट उघडली, तर मराठीच्या जागी नुसती रांगोळी! इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, टिंबं, चौकोन. ही म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं." जुन्या 'ई'त तेच पान स्वच्छ दिसत होतं. मी फायरफॉक्स काढूनच टाकणार होतो. आधी मुलाला विचारलं. त्याने जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. इंग्रजी 'ए'चा आकडा ठरलेला आहे. आपल्या 'क'चा आकडा मात्र बरीच वर्षं ज्याचा त्याचा होता. फॉन्ट करणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवले. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने तो इंग्रजीच मजकूर, फक्त नऊवारी नेसवलेली. त्यांचा फॉन्ट असेल तर मराठी दिसणार, नसेल तर रांगोळी. काही वृत्तपत्रांनी यावर युक्ती काढली. पानाबरोबरच फॉन्टही आपोआप पाठवायचा. पण ती जी पद्धत त्यांनी घेतली, ती एकट्या इंटरनेट एक्सप्लोररलाच समजायची. थोडक्यात, मराठी वाचायची तर एकाच खिडकीतून. दुसऱ्या खिडकीत गेलात की तुमची भाषाच दिसत नाही.

यावरचा खरा उपाय युनिकोड. जगातल्या सगळ्या लिप्यांना ज्याचे त्याचे कायमचे आकडे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं मानक १९८८ साली झालं होतं, त्यातली देवनागरीची मांडणीच युनिकोडने घेतली. विंडोजमध्ये जो 'मंगल' नावाचा देवनागरी फॉन्ट येतो, तो कोणी केला माहीत आहे? आपल्या र. कृ. जोशींनी. कवी, सुलेखनकार, अक्षरांवर जीव लावणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी गेले ते. तुम्ही-आम्ही रोज त्यांचं अक्षर वाचतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

तर जी पानं युनिकोडमध्ये आहेत, ती फायरफॉक्समध्ये लख्ख दिसतात. मराठी विकिपीडिया उघडून बघा. तो सुरू झाला १ मे २००३ला, म्हणजे आज त्याचाही वाढदिवस. जी पानं जुन्या फॉन्टमध्ये अडकली आहेत, त्यांच्यासाठी कुणीतरी 'पद्म' नावाची एक जोड केली आहे. ती फायरफॉक्सला लावली की जुन्या फॉन्टमधला भारतीय भाषांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवते. माझ्या एका पेपराला ती लागू पडली, दुसऱ्याला नाही. पण दोष नव्या ब्राउझरचा नव्हता, हे कळलं. आपली भाषा कोणा एका कंपनीच्या खिडकीवर अवलंबून असू नये, एवढं मला त्या रांगोळीने शिकवलं. वृत्तपत्रंही आता एकेक करून युनिकोडकडे येत आहेत. आणि फायरफॉक्स स्वतः मराठीतही मिळतो. मेनूसुद्धा मराठी. मुलांनी आपल्या आजीला तोच घालून द्यावा.

आणखी एक साइट होती, कामाची. तिने सरळ सांगितलं, 'फक्त इंटरनेट एक्सप्लोरर वापरा'. कोणाची ते सांगत नाही. मग मी भांडत बसलो नाही. तेवढ्या एका कामाला 'ई', बाकी सगळीकडे नवा. आणि त्या 'ई'चीही मी आता आठ नंबरची आवृत्ती घालून घेतली आहे. युरोपात तर मार्चपासून मायक्रोसॉफ्टला संगणकावर निवडीचा पडदा दाखवावा लागतो, बारा ब्राउझरांचा, तुम्हाला कुठला हवा तो घ्या म्हणून. आपल्याकडे तो पडदा नाही, पण निवड आहे. नॉर्वेचा ऑपेरा आहे, ॲपलचा सफारी आहे, गुगलने २००८ मध्ये काढलेला क्रोम आहे. क्रोम आमच्या नातीने सुट्टीला आल्याआल्या घालून टाकला, मला न विचारता. त्यात पत्ता लिहायचा आणि शोधायचं काम एकाच चौकटीत होतं. चपळ आहे, नातीसारखाच.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला, तिथे येतो. इथून पुढे जरा गंभीर आहे.

फेब्रुवारीत मला एक पत्र आलं, ई-मेलवर. बँकेच्या नावाने. 'तुमचं खातं सुरक्षेसाठी पुन्हा पडताळायचं आहे, खालच्या ओळीवर टिचकी मारा.' मी मारली. पानाऐवजी लालभडक सूचना आली: हे पान बनावट असल्याची तक्रार आहे. फायरफॉक्सकडे अशा लबाड पानांची यादी असते आणि ती सारखी नवी होत असते. हल्लीच्या 'ई'मध्येही ही सोय आहे. मी पान बंद केलं आणि स्वतःवर खूश झालो. काय हुशार ब्राउझर घेतला आपण!

त्या खुशीतच फसायला तयार झालो. शिमग्याचे दिवस होते. पालखी दारात यायची म्हणून घरात गडबड. पुन्हा तसंच पत्र आलं, मजकूर थोडा वेगळा. मी टिचकी मारली. या वेळी लाल सूचना आली नाही. मला वाटलं, सूचना नाही म्हणजे खरंच असणार. पान हुबेहूब बँकेचं. तोच रंग, तेच बोधचिन्ह. मी ग्राहक क्रमांक लिहिला. पासवर्डची चार अक्षरं लिहिली. आणि हात थांबला.

का थांबला ते सांगतो. या नव्या ब्राउझरमध्ये बँकेचं खरं पान उघडलं की पत्त्याच्या डाव्या टोकाला हिरवा रंग येतो आणि त्यात बँकेचं नाव दिसतं. काही साइटना निळा येतो. महिनाभर मी तो हिरवा रंग रोज बघत होतो. नवीन वस्तूचं कौतुक असतं ना, तसा. त्या दिवशी तिथे रंग नव्हता. बँकेत असताना हजारो चेक पास केले. खोटी सही पहिल्यांदा डोळ्याला खटकते, कारण नंतर सापडतं. तसंच झालं. मग पत्ता नीट वाचला. सुरुवातीला बँकेचं नाव होतं, पण पुढे भलतंच काहीतरी.

मुलांनो, हे लक्षात ठेवा आणि घरी सांगा. पत्ता वाचताना 'एचटीटीपी'च्या पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. त्या रेघेला चिकटून जे नाव आहे, तो खरा मालक. त्याच्या आधी काहीही लिहिता येतं. पाकिटावर पहिल्या ओळीत 'लोकमान्य टिळक' लिहिलं म्हणून पत्र टिळक आळीत जात नाही, शेवटच्या ओळीतलं गाव बघून जातं. आणि बँकेचं पान पत्रातल्या ओळीवरून कधीच उघडायचं नाही, पत्ता आपण स्वतः लिहायचा. रंग, कुलपाचं चित्र या मदतीच्या गोष्टी आहेत, सज्जनपणाचं प्रमाणपत्र नव्हे. आणि लाल सूचना आली नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही.

मी पान बंद केलं, पासवर्ड बदलला, शाखेत जाऊन सांगून आलो. एक पैसा गेला नाही. घरी येऊन पालखीला नमस्कार केला. आणि गप्प बसलो. कोणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. तेहतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, लोकांच्या सह्या तपासणारा, आणि बनावट पानावर आपला नंबर लिहून बसला! सोसायटीत कळलं तर लोक काय म्हणतील?

पाडव्यानंतरच्या आठवड्यात आपल्याच सोसायटीतल्या एका घरी तेच पत्र आलं. शब्द न् शब्द तेच. त्यांनी सगळं भरलं. त्यांचे पैसे गेले. किती, ते मी सांगणार नाही. थोडे नव्हते. नाव न घेता हे सांगायला त्यांनी मला परवानगी दिली आहे, आणि आज ते इथे बसलेत. त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे. मला ते पत्र तीन आठवडे आधी आलं होतं. खाली नोटीस बोर्ड आहे. पाण्याची वेळ बदलली तरी आपण तिथे कागद लावतो. 'असं असं पत्र येतंय, कोणी उत्तर देऊ नका' एवढी एक ओळ मी लावली असती तर? लावली नाही, कारण मला माझी लाज झाकायची होती. मी त्यांच्याकडे जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तुम्ही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं कशावरून?" हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, ते मला कळलं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा आठवतं का? सगळीकडे कातळ आणि काजूची झाडं. साऱ्या इमारतीत टेलिफोन एकाच घरात होता. आपण सगळ्यांनी नातेवाइकांना तोच नंबर दिला होता, पी.पी. म्हणून. रात्री अकराला कोणाचा फोन आला तर त्या वहिनी तिसऱ्या मजल्यावर बोलवायला यायच्या. कोणाच्या घरची चांगली-वाईट बातमी असो, आधी त्यांना कळायची आणि मग सगळे मिळून धावायचे. एकच फोन होता म्हणून कोणी एकटं नव्हतं. आज घरोघर संगणक आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या खिडकीसमोर, आपल्याला येत नाही हे लपवत एकटा बसलेला आहे. मी बसलो होतो, तसा.

म्हणून कमिटीच्या परवानगीने एक ठरवलंय. पुढच्या रविवारपासून संध्याकाळी पाच ते सहा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. तिथल्या संगणकावर फायरफॉक्स घातलेला आहे. तुम्हाला घरी नवा ब्राउझर घालून बघायचा असेल तर माझी ती वही तिथे ठेवतो, सहा पायऱ्या लिहिलेल्या आहेत. मराठी चालू कसं करायचं ते कॉलेजची मुलं दाखवतील. संशयास्पद पत्र आलं तर छापून आणा, नोटीस बोर्डावर लावू. आणि ज्याने चूक केली असेल त्याने आधी सांगायचं. त्याला कोणी हसायचं नाही. हसायचंच असेल तर मला हसा, माझा नंबर पहिला.

सचिवांनी पंधरा मिनिटं दिली होती. खाली जेवणाच्या पंगतीत मसालेभात निवतोय. तेव्हा इथेच थांबतो.

रौप्यमहोत्सवाच्या आणि महाराष्ट्र दिनाच्या सर्वांना शुभेच्छा.